डब्याचं काय झालं?

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांची निवेदनं यायला लागतात. मजकूर ठरलेला. कथा स्वतंत्र आणि अप्रकाशित असावी, शब्दमर्यादा अमुक, कथेवर कुठेही लेखकाचं नाव नसावं, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर द्यावा, साहित्य परत पाठवलं जाणार नाही, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. पूर्वी 'कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरात' असायचं, त्या जागी आता 'युनिकोडमध्येच टाइप करावी, फोटो काढून पाठवू नये' असतं. संपादक का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर वाचायची सवय मराठी माणसाला लागली. ती सवय टिकली म्हणून दरवर्षी नव्या कथा लागतात, आणि नव्या कथा लागतात म्हणून स्पर्धा चालतात, असा माझा आपला हिशेब आहे.

असं निवेदन आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडलं की पहिलं उत्तर हमखास येतं, "मी कादंबरी लिहितोय हो. कथा-बिथा नाही लिहीत."

आमचा गट म्हणजे ठाण्यातले आणि खाडीपलीकडचे मिळून काही लिहिते लोक. रविवारी सकाळी भेटतो, कधी नौपाड्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये, कधी वाशीला. नेरूळच्या एक दंतवैद्य आहेत, कळव्याची क्लास घेणारी एक मुलगी आहे, वागळे इस्टेटमध्ये उभी हयात फिटर म्हणून काढलेले एक काका आहेत. मी ऐरोलीला नोकरी करते आणि पुनर्विकासात पाडलेल्या एका इमारतीवर लिहिते. गंमत म्हणजे जवळजवळ सगळेच कादंबरी लिहितायत. पूर्ण झालेली कुणाचीच नाही. "कथा-बिथा नाही लिहीत" हे वाक्य तिथे वरच्या पट्टीत म्हटलं जातं, जणू मोठी गाडी चालवणाऱ्यानं सायकलकडे बघावं.

मला हे पटत नाही. कादंबरी लिहू पाहणाऱ्यानं स्पर्धांना लिहावं, मुद्दाम लिहावं, आणि बक्षिसाकडे डोळे लावून बसू नये, असं माझं मत होत गेलं आहे. त्याची कारणं मात्र लोक सांगतात ती नाहीत. "ओळख होते", "नाव होतं" वगैरे म्हणतात, पण एका उत्तेजनार्थ बक्षिसानं कुणाचं नाव झालेलं मी तरी पाहिलं नाही. शाल, श्रीफळ, एक पुस्तक, लिफाफ्यात पाचशेची नोट आणि स्टेजवर डोळे मिटलेला आपला फोटो. संपलं.

कादंबरीचं मूळ दुखणं असं की तिची कुणीही वाट पाहत नसतं. ऑफिसचा रिपोर्ट उशिरा दिला तर फोन येतो. लाइट बिल थकलं तर मेसेज येतो. कादंबरीचं सोळावं प्रकरण सहा महिने अडकून राहिलं, तरी जगाचं काही म्हणजे काही बिघडत नाही. घरचे उलट सुटल्यासारखे होतात. अशा वेळी कुणा अनोळखी संपादकानं '३१ जुलैपर्यंत' असं छापलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती तारीख आपल्यासाठी छापलेली नाही, हे कळत असतं. तरी माणूस त्या तारखेला घाबरतो. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर वाशीची गाडी येईपर्यंत मोबाइलवर दोन परिच्छेद दुरुस्त करणारी मी, जुलै नसता तर त्याच मोबाइलवर भेंडीचे भाव बघत उभी राहिले असते.

नुसती तारीख काय करू शकते, ते अमेरिकेतल्या एका उपक्रमानं दाखवलं. ख्रिस बेटी नावाच्या लेखकानं १९९९ मध्ये सुरू केलेला 'नॅनोरायमो'. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, म्हणजे रोज साधारण १,६६७ शब्द. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही, कुणी वाचतही नाही. तरी जगभर लोक लिहायचे. पुढे संस्थेवर बरीच टीका झाली, वाद झाले आणि २०२५ मध्ये तिनं गाशा गुंडाळला. माझ्या ऑफिसातल्या एकानं तो महिना पार पाडला होता. शब्द भरले, पण त्यातल्या निम्म्या शब्दांत पात्रं नुसती चहा पीत बसली होती, असं तो स्वतःच सांगायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्या पात्रांना चहासुद्धा मिळत नव्हता, ती कागदावर यायचीच बाकी होती.

तेव्हा तारीख महत्त्वाची. पण तारीख पाळून लिहिलेलं कुणीच वाचणार नसेल तर चहाचे घोट वाढतात. पुढचं काम शब्दमर्यादा करते.

इथे फिटर काकांची गोष्ट सांगायला हवी. त्यांची कादंबरी कारखान्याच्या टाळेबंदीवर आहे. आज जिथे काचेची ऑफिसं आणि टॉवर उभे आहेत, त्या वागळे इस्टेटमध्ये एकेकाळी शिफ्ट सुटली की रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. ते सगळं काकांनी पाहिलंय. भोंगा, हजेरीचं टाइम ऑफिस, गेट मीटिंग, ओव्हरटाइमची भांडणं. त्यांच्याकडे लिहायला इतकं आहे की त्याचंच ओझं झालं होतं. वहीमागून वही. कारखान्यातलं प्रत्येक मशीन कुठे होतं, तेही लिहून ठेवलेलं. गटात ते वाचायला लागले की आम्ही भारावून ऐकायचो आणि शेवटी "काका, छान" म्हणायचो. "छान"च्या पुढे कुणाचं घोडं जायचं नाही.

एका वर्षी त्यांनी एका प्रकरणाची कथा करून स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. मर्यादा २,५०० शब्दांची आणि प्रकरण दुपटीहून मोठं. आम्ही दोघं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो, मला टाइप करायचं होतं म्हणून. मूळ परिच्छेद साधारण असा होता:

'त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे साडेसहाच्या सुमारास फोरमन गेटवर येऊन पोचला तेव्हा गेटला भलंमोठं कुलूप लावलेलं होतं आणि बाजूच्या फळ्यावर इंग्रजीत व मराठीत टाळेबंदीची नोटीस डकवलेली होती. ती वाचताच त्याच्या पायाखालची जमीन सरकली. छातीत धस्स झालं. आता मुलीच्या लग्नाचं कसं होणार, घराचे हप्ते कसे फिटणार, या विचारांनी त्याचं डोकं भणभणू लागलं.'

काकांनी पेन्सिल घेतली. पहिल्यांदा गेलं 'नेहमीप्रमाणे'. मग 'भलंमोठं'. गेटचं कुलूप छोटं कशाला असेल? पायाखालची जमीन त्यांना फार आवडत होती, तिच्यावर पेन्सिल बराच वेळ थांबली. "ताई, जमीन ठेवू का?" मी म्हटलं, "तुमची सरकली होती का त्या दिवशी?" ते विचारात पडले. म्हणाले, "नाही. मला काही कळलंच नाही. मी कार्ड पंच करायला गेलो." आणि मग त्यांनी लिहिलं:

'गेटला कुलूप होतं. फोरमननं नोटीस आधी मराठीत वाचली, मग इंग्रजीत. मग सायकल भिंतीला लावून, डबा हँडललाच ठेवून तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेला आणि आत कुणी नसताना आपला कार्ड नंबर सांगितला.'

शब्दमर्यादा नसती तर हे वाक्य जन्माला आलं नसतं, याची मला खात्री आहे. आठशे पानांत जमीन सरकायला भरपूर जागा असते. अडीच हजार शब्दांत प्रत्येक वाक्याला 'तू इथे काय करतोस' असं विचारावं लागतं, आणि जे उत्तर देत नाही ते जातं. कादंबरीकाराला ही चैन परवडणारी नाही असं म्हणतात. माझ्या मते त्यालाच ती सगळ्यात जास्त हवी. कथाकार निदान रोज काटकसर करतो. कादंबरीकाराला वाटत राहतं, आपल्याकडे जागाच जागा आहे.

'कथेवर कुठेही लेखकाचं नाव नसावं', ही निवेदनातली सगळ्यात रुक्ष ओळ, आणि मला वाटतं सगळ्यात मोलाची.

जयंत नारळीकरांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. नुसतं नाव वाचून परीक्षकांनी मान तुकवली असती. त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या माणसालाही 'माझी गोष्ट गोष्ट म्हणून उभी राहते का' हे कळण्यासाठी नाव काढून ठेवावं लागलं. आपल्याला तर काढण्याइतकं नावही नाही, तेव्हा आपलं काम सोपं.

दुसरी गोष्ट बंगालची. कलकत्त्याच्या एच. बोस या व्यापाऱ्यानं आपल्या 'कुंतलीन' केशतेलाची जाहिरात व्हावी म्हणून १८९६ पासून कथास्पर्धा सुरू केली. अट अशी की गोष्टीत तेलाचा उल्लेख हवा, पण गोष्ट जाहिरात वाटता कामा नये. पहिल्याच वर्षी जगदीशचंद्र बोसांनी तीत एक वैज्ञानिक कथा लिहून बक्षीस मिळवलं. आणि १९०३ मध्ये ज्या कथेला बक्षीस मिळालं, ती सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय या नावानं आली होती. लिहिली होती त्यांच्या भाच्यानं, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी. भाचा त्याच वर्षी पोटापाण्यासाठी रंगूनला गेला. नाटककार मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे ज्या शरद्बाबूंना मराठी घरांनी आपलं मानलं, त्यांची सुरुवातीची एक छापील कथा तेलवाल्याच्या स्पर्धेतली, तीही दुसऱ्याच्या नावावरची. ज्याच्या वाट्याला पुढे इतकं कौतुक यायचं होतं, त्याला आधी एका अनोळखी परीक्षकानं नाव न कळता वाचलं, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे अनोळखी वाचक मिळणं किती कठीण आहे, ते ठाण्यात राहणाऱ्याला कळेल. राम मारुती रोडवरून भाजी घेऊन घरी येईपर्यंत चार ओळखीचे भेटतात. गटातली माणसं म्हणजे मित्रच. त्यांना तुमच्या सासूबाईंचं आजारपण माहीत असतं, म्हणून सासूवरच्या प्रकरणावर ती बोलत नाहीत. आपला तो बाब्या, हे लिहिणाऱ्याचं होतंच, ऐकणाऱ्यांचंही होतं. परीक्षकाला बाब्याशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर गठ्ठा असतो आणि त्याला रात्री जेवायचं असतं.

हे मी परीक्षकाच्या बाजूनंही पाहिलं आहे. एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं वाचन माझ्याकडे आलं होतं. अंतिम फेरीला नावाजलेले परीक्षक असतात. त्यांच्यापर्यंत मोजक्याच कथा जाव्यात म्हणून आमच्यासारखे लोक आधी गाळणी लावतात. गठ्ठे तीन करायचे: पुढे पाठवायच्या, नाही पाठवायच्या, आणि 'पुन्हा बघू'. कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे काम एकदा करावं. कुठलीही कार्यशाळा हे शिकवणार नाही.

पहिली गोष्ट दिसते ती नमनाला घडाभर तेल. कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. पहिल्या पानावर गजर वाजतो, पडद्यातून ऊन येतं, नायिका आरशात बघते आणि तिला सगळं आठवतं. असे गजर एका मागोमाग एक वाजायला लागले की वाचणाऱ्यालाच उठावंसं वाटतं. पुष्कळदा मी पहिलं पान बाजूला ठेवून दुसऱ्यापासून वाचलं आणि काही अडलं नाही. त्या रात्री घरी येऊन मी माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण उघडलं. माझी गोष्ट सुरू होते ती बिल्डरच्या पत्रानं, आणि ते अख्खं प्रकरण पत्राच्या आधीचं होतं. ते आता नाही.

दुसरी गोष्ट, 'स्पर्धेची कथा' नावाचा एक प्रकार तयार झाला आहे. एकांकिकांमध्ये तो आपण ओळखतो. अंधार, एक स्पॉट, किंकाळी, ब्लॅकआउट. कथांमध्येही तसंच. वृद्धाश्रम, शेतकऱ्याची आत्महत्या, शेवटच्या ओळीत कळतं की सांगणारा मेलेला आहे. विषय खोटे नाहीत, दुःख तर नाहीच नाही. पण लेखकानं ते जगाकडे बघून उचललेलं नसतं, गेल्या वर्षीच्या निकालाकडे बघून उचललेलं असतं, आणि दोन परिच्छेदांत कळतं. याउलट एक कथा मला आठवते. तीत काहीच घडत नव्हतं. दोन बहिणी पनवेलला आईच्या घराची किल्ली कुणाकडे ठेवायची यावर बोलत होत्या. पानभर किल्लीवरच. ती मी 'पुढे'च्या गठ्ठ्यात ठेवली. माझ्यासोबत वाचणाऱ्या गृहस्थांनी ती 'नाही'मध्ये ठेवली. आमचं चांगलंच वाजलं.

आणि तिथे मला निकालांचं गणित कळलं, जे प्रत्येक हरलेल्यानं समजून घ्यायला हवं. दोन परीक्षक दहापैकी गुण देतात. एका कथेवर एकाचा जीव जडतो, तो ९ देतो. दुसऱ्याला ती अजिबात आवडत नाही, तो ३ देतो. बेरीज १२. दुसरी कथा दोघांनाही बरी वाटते. ७ आणि ६. बेरीज १३. पुढे जाते ती दुसरी. म्हणजे कुणाच्या तरी मनात घर करणारी कथा, कुणालाच न खटकणाऱ्या कथेपुढे हरू शकते, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. किल्लीची कथा पुढे गेली नाही. तिच्या लेखिकेला वाटलं असेल, आपली कथा कुणाला आवडली नाही. मला तिचं नावही माहीत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

हे आजचं नाही. अथेन्सला नाटकांच्या स्पर्धा व्हायच्या, तीन नाटककार उतरायचे. युरिपिडीसचं 'मिडिया' इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये त्या स्पर्धेत आलं तिसरं. तिघांत तिसरं. पहिले दोन कुठले, ते आज अभ्यासक सोडून कुणाला आठवत नाही. आणि याच्या उलट टोकाला, पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी २०२२ मध्ये एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही असं ठरवून करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर केवढा गदारोळ झाला होता! मी तेव्हाही परीक्षकांच्या बाजूची होते. देणारा कधीतरी 'नाही' म्हणू शकतो, तेव्हाच त्याच्या 'हो'ला किंमत येते. मुलांना लागलं असणार, हेही खरं.

स्पर्धा सगळं शिकवत नाही. कादंबरीचा मधला भाग, जिथे सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट दृष्टिपथात नसतो, तो कुठल्याच स्पर्धेत उतरवता येत नाही. तिथे आपण एकटे. शिवाय स्पर्धांची चटक लागते. दर वर्षी चार कथा, दोन प्रमाणपत्रं, आणि कादंबरी जिथल्या तिथे. असे लोक माझ्या ओळखीत आहेत. आनंदात आहेत, त्यांना कशाला नावं ठेवा. पण कादंबरी लिहायची असेल तर स्पर्धेसाठी नवी कथा शोधत बसू नये. कादंबरीतलंच एखादं प्रकरण, एखादं पात्र, एखादी दुपार उचलावी आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहते का ते बघावं. ते प्रकरण उभं राहिलं तर परत नेऊन बसवता येतं. पडलं तर का पडलं, ते तरी कळतं.

इंग्रजीतल्या बऱ्याच कादंबरी स्पर्धा पूर्ण हस्तलिखित आधी मागतच नाहीत. सुरुवातीचे काही हजार शब्द आणि एका पानाचा सारांश, बस. आपल्याकडेही ही पद्धत रुजायला हवी, निदान त्या सारांशासाठी. नेरूळच्या दंतवैद्य बाईंनी अशाच एका स्पर्धेच्या निमित्तानं आपल्या कादंबरीचा सारांश लिहिला. अर्ध्या पानात त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक वाक्याचा कर्ता नवरा, सासरा नाहीतर नगरसेवक आहे. नायिका फक्त कर्म. "तिच्यावर ओढवतं, तिला सांगितलं जातं, तिला पाठवलं जातं. अहो, हिनं काही केलंच नाहीये!" असं त्या फोनवर ओरडल्या. तीनशे पानांत जे लपलं होतं, ते पानभरात उघडं पडलं. ती स्पर्धा त्यांनी सोडून दिली आणि कादंबरी पुन्हा लिहायला घेतली.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी, मध्येच आठवल्या म्हणून. नियम शेवटपर्यंत वाचावेत. 'पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं लिहिलं असेल तर आपल्या कादंबरीचं प्रकरण तिथे मुळीच पाठवू नये. उद्या प्रकाशकाला काय सांगणार? फेसबुकवर टाकलेलं लेखन बरेच आयोजक प्रकाशित समजतात. प्रवेश शुल्क बक्षिसाच्या रकमेशी ताडून बघावं. आणि प्रत ठेवावी. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामीनं आपलं पहिलंवहिलं हस्तलिखित 'गुंझो' मासिकाच्या नवलेखक पुरस्कारासाठी पाठवलं तेव्हा प्रतच ठेवली नव्हती. १९७९ मध्ये पुरस्कार मिळाला म्हणून निभावलं, नाहीतर ते लिखाण कायमचं गेलं असतं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. कादंबरी पूर्ण झाल्यावर नवलेखकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. पुस्तक छापून आल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. ते सगळं पुढचं. आधी सोळावं प्रकरण.

तर, फिटर काका. त्यांच्या कथेला उत्तेजनार्थ मिळालं. बक्षीस समारंभ डोंबिवलीला होता, आम्ही गटातले काही जण गेलो होतो. विजेत्यांनी आपल्या कथेतला एक उतारा वाचायचा, असा कार्यक्रम होता. काकांनी कुलपाचा आणि टाइम ऑफिसच्या खिडकीचा उतारा वाचला. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी एक बाई काकांपाशी आल्या. साठीच्या असतील, हातात पिशवी, कार्यक्रमाला बहुधा नातवाबरोबर आलेल्या. कौतुक वगैरे काही न करता त्यांनी विचारलं, "त्या डब्याचं काय झालं?"

काका म्हणाले, "कुठला डबा?"

"सायकलला ठेवलेला. त्यानं खाल्ला की तसाच घरी नेला? बायकोनं पहाटे उठून केलेला असणार."

काकांना उत्तर देता येईना. इतकी वर्षं टाळेबंदीवर लिहीत होते. कामगार कायदा, युनियनची फूट, मालकाचा डाव, सगळं होतं. डबा नव्हता. परतीच्या लोकलमध्ये मुंब्र्यापर्यंत ते काही बोललेच नाहीत. कळवा आल्यावर म्हणाले, "ताई, डबा भरलेला घरी गेला असता, तर तिला त्याच संध्याकाळी कळलं असतं."

तिथून त्यांची कादंबरी वळली. फोरमन घरी सांगत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, रोड नंबर १६ वर एका बंद शेडच्या कट्ट्यावर बसतो, डबा वॉचमनबरोबर वाटून खातो, शिफ्ट सुटायच्या वेळी घरी जातो. डबा घासताना एक दिवस बायकोच्या लक्षात येतं की डब्याला आतून हल्ली भाजीच्या हळदीचा डाग नसतो. कुणीतरी तो आधीच घासून आणलाय. मालकाचा डाव आता चार पानांत उरकतो. आधीची कित्येक प्रकरणं काकांनी वहीतच राहू दिली. ज्या बाईंनी तो प्रश्न विचारला, त्या परीक्षक नव्हत्या, लेखिका नव्हत्या, आणि गटात येऊन त्यांनी तो कधीच विचारला नसता. स्पर्धेनं काकांना डोंबिवलीच्या त्या हॉलपर्यंत नेलं, एवढंच. पण तेवढं दुसऱ्या कशानं केलं असतं, मला सुचत नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी ते प्रकरण नव्यानं वाचून दाखवलं. कुलूप होतं, नोटीस होती, सायकल होती. टाइम ऑफिसची खिडकी नव्हती. आत कुणी नसताना कार्ड नंबर सांगणारं ते वाक्यच नव्हतं.

मी जवळजवळ भांडलेच. "काका, अहो, त्या वाक्यावर बक्षीस मिळालंय!"

"कथेला मिळालं ना," काका चष्मा पुसत म्हणाले. "तिथे तो संपत होता. आता त्याला महिनाभर रोज निघायचंय, बायकोला फसवायचंय. पहिल्याच दिवशी रिकाम्या खिडकीशी बोलायला लागला, तर महिना कसा काढेल तो? शुद्धीवर असायला पाहिजे."

मला अजून ते वाक्य हवंय. त्यांनी ऐकलेलं नाही. पुढच्या रविवारी वाशीला पुन्हा एकदा विषय काढणार आहे.